चेकबुक आहे, शिल्लक नाही

मृग जवळ आला की छत्रपती संभाजीनगरातल्या बी-बियाण्यांच्या दुकानांपुढे गर्दी होते. कापसाच्या पाकिटासाठी उन्हात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला कुणी सांगितले, की घरचे बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्या-घेण्याचा, इतकेच काय, ब्रँडचे नाव न लावता विकण्याचाही हक्क तुम्हाला २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने दिला आहे, तर तो काय म्हणेल? 'हक्क आहे हो, पण बी कुठे आहे?'

बँकेत उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याला हे चटकन कळते. चेकबुक हातात, खात्यात शिल्लक नाही!

पाकिटातला बीटी कापूस बहुतेक संकरित असतो. त्याची सरकी पुढल्या वर्षी पेरली तर पीक एकसारखे येत नाही. म्हणून खरेदी दरवर्षी. संकरित वाणांनी उत्पादन वाढवले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. शेजारचे जालना तर या धंद्याचे माहेरघर. बद्रीनारायण बारवाले यांनी तेथे १९६४ साली महिको उभी केली. पण सगळी ठेव एकाच खात्यात ठेवू नये, हे नवशिका कारकूनही सांगेल. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळी बीटीला पुरून उरली, तेव्हा शिवारात दुसरे होते काय?

गावरान वाणांची विविधता ही पिढ्यांची बचत आहे. टपोरी कणसे निवडून, बी राखेत घोळून जपणाऱ्या घरच्या बायकांनी ती साठवली. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुक पेढीत लाखो नमुने शीतगृहात आहेत, ते हवेतच. पण शीतगृहातले बी झोपलेले असते. बदलत्या पावसाशी जुळवून घेते ते शेतातले.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी हे ओळखले. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी वाल-घेवड्यापासून भातापर्यंत शंभराहून अधिक गावरान वाण जपले, वाटले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. सत्कार झाला, टाळ्या झाल्या. पुढे काय?

गावोगावी बियाण्यांची पेढी हवी. पायलीभर न्यावे, सुगीत सवाईने परत करावे. आणि गिऱ्हाईक हवे. जालन्याच्या दगडी ज्वारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शहरातल्या आपण तिची भाकरी मागितली नाही, तर शेतकऱ्याने ती निव्वळ पुण्यकर्म म्हणून का पेरावी?