मोबाइल सरकारचा, भुर्दंड सेविकेचा!

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत आज दोन प्रकारची माणसे मोबाइल-संगणकावर नोकरी करताना दिसतात. पहिला वर्ग मुंबई-पुण्याच्या कंपन्यांतला. आठवड्यातले दोन-तीन दिवस कचेरीत, बाकीचे दिवस घरून किंवा नदीकाठच्या फार्महाऊसवरून काम. त्याला आता 'हायब्रिड' पद्धत म्हणतात. दुसरा वर्ग डोंगरावरच्या ठाकरवाडीत आणि कातकरवाडीत काम करणाऱ्या अंगणवाडी सेविकेचा. तिला कुणी हायब्रिड म्हणत नाही. पण सकाळी अंगणवाडीत, दुपारी घरोघरी आणि रात्री स्वतःच्या घरी बसून माहिती भरणारी ही बाई त्या अर्थाने केव्हाच हायब्रिड झाली आहे. फरक एवढाच, की पहिल्याच्या साधनाची जबाबदारी कंपनी घेते आणि दुसरीच्या साधनाची जबाबदारी कुणीच घेत नाही.

हा फरक नीट समजून घ्या. मोठी कंपनी नोकराला लॅपटॉप देते तेव्हा संगणक विभागाकडे त्याची नोंद असते. बिघडला तर कंपनी दुरुस्त करते. हरवला तर दूर बसून त्यातली माहिती पुसता येते. जुना झाला की बदलून मिळतो. नोकराच्या खासगी फोनवर कामाचे काही टाकायचेच असेल, तर कामाचा कप्पा आणि घरचा कप्पा वेगळा ठेवण्याची सोय असते. ही कंपनीची दानत नव्हे. साधन मालकाच्या कामाचे, म्हणून देखभाल मालकाची, एवढा हा सरळ हिशेब आहे. मग सरकार नावाच्या मालकाला हा हिशेब का लागू होत नाही?

इतिहास ताजा आहे. पोषण अभियानाच्या कामासाठी २०१९ साली महाराष्ट्रातील एक लाखाहून अधिक सेविकांना मोबाइल देण्यात आले. त्यांची क्षमता तुटपुंजी, हमीची मुदत दोन वर्षांची. मार्च २०२१ मध्ये केंद्राने 'पोषण ट्रॅकर' हे नवे अ‍ॅप आणले. ते त्या मोबाइलमध्ये नीट मावेना, मोबाइल तापू लागले, बंद पडू लागले. दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या माथी आला. त्यात अ‍ॅपमध्ये माहिती भरायची ती इंग्रजीत! मराठी शाळेत शिकलेल्या बाईने इंग्रजीत भरलेले एक अक्षर चुकले तर दोष तिचा. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातील सेविकांनी हे मोबाइल प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. तुमचे यंत्र तुम्हालाच लखलाभ, असे सांगणारे ते आंदोलन होते. पुढे फेब्रुवारी २०२३ च्या संपातही चांगल्या मोबाइलची मागणी होती. ४ डिसेंबर २०२३ पासून ५२ दिवसांचा संप झाला, तो मानधन, पेन्शन आणि ग्रॅच्युइटीसाठी.

दरम्यानच्या काळात काय झाले? सरकारी मोबाइल बंद पडला म्हणून काम थांबले नाही. नवऱ्याचा किंवा कॉलेजात जाणाऱ्या मुलाचा मोबाइल कामाला लागला. कुटुंबाचे साधन बिनभाड्याने सरकारच्या सेवेत रुजू झाले!

चळवळीच्या वाचकाला हे कुठेतरी वाचल्यासारखे वाटेल. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले, तेव्हा महार वतनदाराची हीच अवस्था त्यांनी सभागृहासमोर ठेवली होती. तो सरकारचा नोकर, पण सरकार त्याला पुरेसा पगार देत नाही. कामाचे तास ठरलेले नाहीत, रात्री-अपरात्री हाक आली की धावायचे. आणि तो हजर नसेल तर त्याच्या बापाला, घरातल्या दुसऱ्या कुणाला, अगदी बाईमाणसालाही कामाला जुंपायचे. सेविकेची नोकरी वंशपरंपरागत नाही, ती वेठबिगारही नाही, म्हणून दोन्ही गोष्टी एक आहेत असे आम्ही म्हणणार नाही. परंतु एक नोकर नेमायचा आणि अख्खे कुटुंब राबवायचे, ही युक्ती तीच आहे. वतने १९५८ च्या कायद्याने गेली. वृत्ती गेली का?

या वृत्तीचे मूळ 'मानधन' या शब्दात आहे. पगार म्हटला की तास आले, रजा आल्या, साधने आली, निवृत्तिवेतन आले. मानधन म्हटले की सेवाभाव आला! ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्राने सेविकेसाठी दरमहा ४,५०० रुपये ठरवले. राज्याची भर पडून २०२४ मध्ये ही रक्कम १३,००० रुपयांवर नेण्याचा निर्णय झाला, तोही दोन संपांनंतर. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असा निकाल दिला. म्हणजे न्यायालयाला जी कर्मचारी दिसते, ती सरकारला अजून मानसेवी दिसते.

आता प्रश्न सेविकेपुरता उरलेला नाही. १ जुलै २०२५ पासून घरी नेण्याच्या पोषण आहारासाठी चेहरा ओळखण्याची पद्धत केंद्राने सक्तीची केली. आधार जुळले पाहिजे, ओटीपी आला पाहिजे, मोबाइलने चेहरा ओळखला पाहिजे, तेव्हा आहाराची नोंद होणार. हा आहार कुणाचा? सहा महिने ते तीन वर्षांच्या बालकांचा, गरोदर आणि स्तनदा मातांचा. कर्जत-खालापूरमधील कातकरी कुटुंबे पावसाळा संपला की वीटभट्ट्यांवर जातात, ती मृगाच्या तोंडावर परततात. ज्या घरात एकच मोबाइल आहे तो बापाच्या खिशात, बाप भट्टीवर, आणि आई वाडीवर तान्हे मूल घेऊन. ओटीपी कुणाकडे जाणार? रेंज नसलेल्या वाडीत चेहरा कोण ओळखणार? खरे तर त्या आईचा चेहरा सेविका रोज ओळखते. पण व्यवस्थेचा विश्वास सेविकेच्या डोळ्यांवर नाही, मोबाइलच्या डोळ्यावर आहे.

खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी आठवा. १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगर कोसळला. रस्ता नाही, बचावपथके पायवाटेने चढली. २२८ लोकवस्तीच्या त्या ठाकरवाडीतून २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ता राहिले. अशा वाडीपर्यंत रस्ता नेण्याची घाई ज्या व्यवस्थेला झाली नाही, तिला अशाच वाड्यांतून 'ऑनलाइन' माहिती मात्र रोजच्या रोज हवी असते.

यंत्राला विरोध ही आमची भूमिका नाही. यंत्रामुळे कष्टकऱ्याला फुरसत मिळते आणि फुरसतीतून तो माणूस म्हणून वाढतो, असे बाबासाहेबांनी ठामपणे मांडले आहे. आहारातला भ्रष्टाचार थांबावा, बोगस नावे गळावीत, कुपोषित मूल वेळेत दिसावे, हे आम्हालाही हवे आहे. पण ज्या यंत्राने सेविकेची रजिस्टरे कमी होण्याऐवजी कामाचे तास वाढतात, ते यंत्र कुणाला फुरसत देते?

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. मोबाइल सरकारचा असेल तर दुरुस्ती, रिचार्ज आणि ठरावीक मुदतीनंतर बदल ही जबाबदारी लेखी स्वरूपात सरकारची. खासगी मोबाइलची सक्ती नको. कामाच्या तासांबाहेर माहितीचा तगादा नको. रेंज नसताना माहिती साठवून नंतर पाठवता येईल असे, पूर्णपणे मराठी अ‍ॅप हवे. मोबाइल हरवला तर माता-बालकांच्या माहितीचे काय करायचे याचा ठरलेला नियम हवा. आणि सर्वांत महत्त्वाचे : यंत्र अडले म्हणून एकाही मुलाचा घास अडता कामा नये.

कार्यकर्त्यांना यासाठी मोर्चाची वाट पाहण्याचे कारण नाही. माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज कर्जत आणि खालापूरच्या बालविकास प्रकल्प कार्यालयांत द्या. किती मोबाइल दिले, किती बंद आहेत, दुरुस्तीवर किती खर्च झाला आणि चेहरा न जुळल्यामुळे किती लाभार्थी आहाराविना राहिले, एवढे चार प्रश्न विचारा. तीस दिवसांत उत्तर देणे कायद्याने बंधनकारक आहे. त्या उत्तराचा कागद घेऊन वाडीवर जा, सेविकेसमोर आणि मातांसमोर वाचून दाखवा. कागदावरचा आकडा आणि वाडीवरची परिस्थिती जुळते की नाही, हे त्या मायबहिणीच सांगतील.