बक्षिसाचा निबंध

आमच्या इंदूरच्या शाळेत ‘जागतिक विकास आणि नीती’ या विषयावर निबंधस्पर्धा झाली. परीक्षक मीच. आफ्रिकेच्या दारिद्र्यावर अश्रू ढाळणाऱ्या निबंधाला पहिले बक्षीस दिले. धार जिल्ह्यातील निसरपूरच्या मुलाने बुडालेल्या घराविषयी दीड पान लिहिले; त्यावर मी ‘विषयांतर’ असा शेरा मारला!

विषयांतर कसले? जागतिक बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीने १९९२ साली सरदार सरोवराच्या पुनर्वसनाचे वाभाडे काढले. १९९३ साली सरकारने उरलेले कर्ज सोडले, धरण नव्हे. मणिबेलीच्या शेजाऱ्यांना हे सांगायला नकोच. २०१९ साली पाणी १३८.६८ मीटरला टेकले. आणि आम्ही इंदूरकर १९७८ पासून जलूदहून उपसलेली नर्मदाच पितो!

तो शेरा मी खोडला आहे. बक्षीस मात्र वाटून झाले.