घाणेरडे भाडेकरू आणि आपण

‘बॅचलरना देऊ नका, घराचा उकिरडा करतात.’ ‘यूपी-बिहारवाले नकोतच.’ कोंढव्यातल्या आपल्या घरमालकांकडून हे ऐकलं की मला संताप येतो. कारण बोलणाऱ्यांपैकी कितीतरी जण कधीकाळी पुण्याच्या दुसऱ्या भागात घर शोधायला गेले होते. फोनवर सगळं ठरलेलं असायचं. नाव सांगितलं की ‘अहो, कालच दुसऱ्यांना दिलं’. ‘तुमच्या लोकांत स्वच्छता नसते’ हेही काहींनी तोंडावर ऐकलं. त्या अपमानावर आपण आजही तासभर बोलतो आणि स्वतःच्या दाराला कुलूप लावताना तोच शिक्का दुसऱ्याच्या कपाळावर मारतो.

घाण खोटी असते असं मी म्हणत नाही. माझ्या फ्लॅटमध्ये तीन नोकरदार मुलं होती. ओट्यावर तेलाचा चिकट थर, भाताच्या शितांनी तुंबलेलं सिंक, बाल्कनीत आठवड्याचा कचरा. खालच्या मजल्यावरच्या खाला रोज कुरकुरायच्या, आणि त्यांचं बरोबर होतं. पण हा त्या तिघांचा दोष. तो त्यांच्या जिल्ह्याचा किंवा अविवाहित असण्याचा कसा झाला?

त्यावर उपाय आहेत, फक्त ते कंटाळवाणे आहेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी कलम ५५ ने मालकावर टाकली आहे. आधी कळवून, योग्य वेळी घर पाहण्याचा हक्कही कायदा देतो. किल्ली देण्याआधी प्रत्येक खोलीचे फोटो काढा, नळ-पंख्यांची यादी करून दोघांनी सह्या करा. मी त्या मुलांना लेखी कळवून गेलो, साफसफाईला पंधरा दिवस दिले, ड्रेनेजवाल्याचं बिल दाखवून तेवढेच पैसे डिपॉझिटमधून कापले. वर्ष पुरं करून ती गेली. पाणी तोडणं, सामान बाहेर फेकणं असली मर्दुमकी कायद्यातही बसत नाही आणि दीनमध्येही नाही.

डिपॉझिट ही अमानत आहे. भिंतीला खिळ्याची चार भोकं दिसली की ‘पेंटिंगचा खर्च’ म्हणून सगळी रक्कम गिळणारे आपल्यात कमी नाहीत. (यातलेच काही जुम्याला पहिल्या सफेत असतात.) छतातून पाणी झिरपतं, ते दुरुस्त करायचं नाही, आणि भिंतीवर बुरशी आली की भाडेकरू घाणेरडा! टँकर आला तरच नळाला पाणी, आणि बाथरूम मात्र चकचकीत हवं!

पुढच्या महिन्यात फ्लॅट रिकामा होतोय. एजंटला सांगितलं, नोकरीचा कागद आणि मागच्या घरमालकाचा नंबर आण, मग बॅचलर असो की कुटुंब. तो हसला. म्हणाला, ‘सर, तुमचं ठीक आहे, पण सोसायटीची कमिटी बॅचलरना ठेवू देणार नाही.’

त्या कमिटीत सातपैकी सातही नावं आपलीच आहेत.