थॉम्पसनची किंमत नेमकी कशाची?

व्हिडिओत राहिलेला मुद्दा इथे लिहितोय. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याला थॉम्पसन एम१ए१ सबमशीनगन साधारण 45 डॉलरला पडायची. आज तिथले संग्राहक तिच्यासाठी हजारो डॉलर मोजतात. का? 19 मे 1986 पूर्वी कायदेशीर नोंद झालेल्याच स्वयंचलित बंदुका तिथल्या सामान्य नागरिकाला घेता येतात. माल वाढणारच नाही!

माझं मत स्पष्ट आहे. पैसे लोखंडाचे नाहीत, नोंदणीच्या कागदाचे आहेत. कागद नसेल तर फुकटातही नको, थेट गुन्हा. मग मूळ भाग बघा, नुकतेच झालेले सौदे तपासा, 200 डॉलर कर धरा आणि कमाल आकडा आधीच ठरवा. "दुसरं गिऱ्हाईक तयार आहे" ऐकून तो मोडलात, की तोटा तुमचाच. दुकानाचा गाळा घेतानाही हेच, बरं का!