अंगठा घेतला, विचारले कोणी?

बाईच्या देहातून गर्भाशय काढून टाकले जाते आणि ते का काढले हे त्याच बाईला सांगता येत नाही! ऊसतोडीला जाणाऱ्या कोणत्याही तांड्यावर जाऊन विचारा. "पिशवी काढली", एवढेच उत्तर येईल. का काढली? ठेवली तर कॅन्सर होईल, असे डॉक्टर म्हणाले. तपासणीचे कागद? ते दवाखान्यातच राहिले. अंडाशय ठेवले की तेही गेले? ते कोणी सांगितलेच नाही. अंडाशय गेले की ऐन तारुण्यात रजोनिवृत्ती येते, हाडे ठिसूळ होऊ लागतात, अंगाची लाही होते. आणि तरीही दिवाळी सरली की तीच बाई डोक्यावर मोळी घेऊन फडात उभी असते, कारण मुकादमाची उचल फिटलेली नसते आणि खाडा पडला तर दंड भरावा लागतो. याला उपचार म्हणायचे असेल, तर जुलूम कशाला म्हणायचे?

2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे बीड जिल्ह्याचे आकडे आले. 82 हजार 309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतील 13 हजार 861 जणींचे गर्भाशय काढलेले होते. दर सहा बायकांमागे एक! हा बीडचा प्रश्न आहे, असे म्हणून जालन्याला सुटता येणार नाही. जिल्ह्याची हद्द कागदावर असते. कोयता, उचल आणि मुकादम त्या हद्दीने अडत नाहीत. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठ्यातूनही जोडपी त्याच कारखान्यांवर जातात, त्याच कर्जात बुडतात आणि त्याच दुखण्यांनी खासगी दवाखान्यांच्या पायऱ्या चढतात. बीडमध्ये बोभाटा झाल्यावर उपाय काय निघाला? गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्या! बंधन हवेच होते, त्याला आमचा विरोध नाही. पण आम्ही विचारतो, शल्यचिकित्सकांची परवानगी घेतलीत, त्या बाईची कधी घेणार?

अंगठा म्हणजे परवानगी नव्हे. मंठ्याच्या तांड्यावरील बाई घरात गोरमाटी बोलते, बाजारात मराठी बोलते, आणि तिच्यापुढे सरकवला जातो इंग्रजीत छापलेला कागद. नवऱ्याला सांगितले, भावाला सांगितले, सही घेतली, झाले! हे कायद्यालाही मान्य नाही. दिल्लीतील एका स्त्रीला तपासणीसाठी भूल दिली गेली आणि ती बेशुद्ध असताना आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय व अंडाशय काढून टाकण्यात आले. जानेवारी 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले की सज्ञान, सक्षम रुग्णाच्या वतीने आईलाही अशी संमती देता येत नाही. तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे. आजार काय, पर्याय कोणते, धोके कोणते, हे पुरेसे सांगून घेतलेला होकार तोच होकार. जिथे आईचा शब्द चालला नाही, तिथे नवऱ्याची सही आणि मुकादमाची घाई चालते काय?

कायदे कमी आहेत म्हणून हे घडते, असे कोणी म्हणू नये. रुग्णाने मागितल्यापासून 72 तासांत त्याचे कागद त्याच्या हाती द्यावेत, हा नियम डॉक्टरांच्या आचारसंहितेत 2002 पासून आहे. 14 जानेवारी 2021 रोजी राज्याने शुश्रूषागृह नोंदणीचे नियम सुधारले. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावलेच पाहिजे. सविस्तर बिल दिले पाहिजे. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याची मुभा दिली पाहिजे. पुरुष डॉक्टर स्त्रीला तपासत असताना तिथे स्त्री हजर हवी. तक्रारीसाठी कक्ष आणि टोल फ्री क्रमांक हवा. हे नियम निघाले तेव्हा राज्याचे आरोग्यमंत्री राजेश टोपे होते, म्हणजे घनसावंगीचे तेव्हाचे आमदार! ज्या जिल्ह्याच्या मंत्र्याच्या कारकिर्दीत ही सनद जन्मली, त्या जिल्ह्यातील दवाखान्या-दवाखान्यांत ती आज ठळक अक्षरांत झळकायला हवी होती. जालनेकरांनो, आपापल्या दवाखान्याच्या भिंती पाहा. जिथे सनद नाही, तिथे रोज कायदा मोडला जातो आहे आणि ज्यांनी तो पाळून घ्यायचा ते डोळे मिटून बसले आहेत.

डॉक्टर सांगतात, वेळ नाही. बाहेर शंभर माणसे ताटकळत आहेत. ही अडचण खरी आहे. सरकारी दवाखान्यांत माणसे अपुरी ठेवून सरकारने ती वाढवली आहे, आणि जिल्ह्यातला रुग्ण घटकाभर अडला की "घाटीला हलवा" (म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय रुग्णालयात न्या) एवढेच दोन शब्द त्याच्या वाट्याला येतात. पण दुसरी सबब अधिक संतापजनक आहे: "या लोकांना सांगून काय कळणार?" हे कोणत्या गावात बसून बोलता? ज्या जालन्यात 1964 साली महिको ही बियाणे कंपनी उभी राहिली आणि ज्या शहराचे नाव बियाण्यामुळे देशभर झाले, त्या जालन्यात! इथला शेतकरी बियाण्याची पिशवी घेताना वाण विचारतो, उगवणशक्ती विचारतो, पावती मागतो. चार एकरांचा हिशेब ज्याला कळतो, त्याला स्वतःच्या पोटावर फिरणाऱ्या सुरीचा हिशेब कळणार नाही? कळतो. तुम्ही सांगत नाही!

आणि जे डॉक्टरांच्या अंगावर धावून जातात, काचा फोडतात, त्यांना आम्ही रुग्णांचे कैवारी म्हणणार नाही. 2023 च्या ऑक्टोबरात नांदेडच्या शासकीय रुग्णालयात एका दिवसात 24 रुग्ण दगावले, त्यांत 12 नवजात बालके होती. तेव्हा एका खासदाराने अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन शौचालय साफ करायला लावले. त्या झाडूने एक तरी पद भरले गेले? एक तरी औषध वॉर्डात आले? रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरला, परिचारिकेला मारणारा माणूस कधीही मंत्रालयाच्या दारात जाब विचारायला जात नाही. रुग्ण आणि डॉक्टर यांना एकमेकांच्या गळ्याला भिडवून राज्यकर्ते मात्र सुखरूप आहेत.

या जिल्ह्यात रुग्णाशेजारी बसून त्याच्या बोलीत समजावून सांगणारे डॉक्टर आहेत, बाळंतिणीचा हात धरून रात्र काढणाऱ्या परिचारिका आहेत. त्यांच्याविषयी आम्हाला आदर आहे, म्हणूनच त्यांच्या संघटनांच्या मौनाची चीड येते. नाहक पिशव्या काढणारा व्यवसायबंधू ठाऊक असूनही जे गप्प राहतात, त्यांनी रुग्णांचा विश्वास उडाल्याची तक्रार कोणत्या तोंडाने करावी? 2019 पासून वैद्यकीय अभ्यासक्रमात संवाद आणि नीतीचा स्वतंत्र भाग आहे. 2024 मध्ये जालन्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. तिथल्या मुलांनी वर्गात एक शिकायचे आणि गावातल्या दवाखान्यांत नेमके उलटे पाहायचे काय?

जिल्हाधिकारी, जिल्हा शल्यचिकित्सक आणि महापालिकेचे आरोग्य अधिकारी यांना आमचे उघड आव्हान आहे. किती शुश्रूषागृहांत सनद आणि दरपत्रक लागले आहे, तालुकावार जाहीर करा. जिथे नाही, त्यांना नोटिसा काढा, आणि तरीही न लावणाऱ्याची नोंदणी रद्द करा. तो अधिकार तुमच्याकडेच आहे. टोल फ्री क्रमांकावर आजवर किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, ते सांगा. चाळिशीच्या आतील किती बायकांची गर्भाशये या जिल्ह्यात गेल्या पाच वर्षांत काढली गेली, कोणत्या कारणाने, कोणत्या दवाखान्यात, याचा हिशेब मांडा. संमतीचा कागद मराठीत छापा, आणि तांड्यावरील बाईला तो गोरमाटीत वाचून दाखवणारी आशाताई शस्त्रक्रियेआधी तिच्याजवळ बसवा, त्या कामाचे मानधन देऊन. हे सगळे ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडण्यापूर्वी झाले पाहिजे. एकदा ट्रक निघाले की पुढचे पाच-सहा महिने त्या बायकांना गाठणारे कोणी नसते.