माळ पडीक नव्हे!

सोलापूर-सांगलीकडील माळरानाला सरकारी दप्तर ‘पडीक’ म्हणते. मेंढपाळ त्यालाच चराऊ रान म्हणतो. खरे कोणाचे?

पवन्या, मारवेल ही बहुवर्षायू गवते दुष्काळात वरून करपतात. मुळे मात्र जमिनीखाली जिवंत राहतात आणि पहिल्या पावसासरशी ठोंबांना पुन्हा फुटवे येतात. १९७२चा भीषण दुष्काळही माळाने पचवला. म्हणूनच १९७९ साली नान्नज परिसरात माळढोकासाठी अभयारण्य करता आले. तापमान वाढत असताना आणि पाऊस लहरी होत असताना मुळांची ही ठेव अधिकच मोलाची ठरते.

माळाचा जीव घेतो तो दुष्काळ नव्हे. नांगर, गिरिपुष्पाची लागवड आणि कारखान्याचे कुंपण ही मुळेच उखडतात. ‘पडीक’ हा शब्द त्यासाठीचा परवाना आहे. झाडे लावल्याचे आकडे वर जातात, मेंढ्या रस्त्यावर येतात.

२००६च्या वनहक्क कायद्याने वनजमिनीवरील चराईचा, भटक्या पशुपालकांच्या हंगामी वापराचाही, हक्क मान्य केला आहे. तो कागदावरून माळावर आणणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. गावोगाव ग्रामसभा बोलवाव्यात, धनगरवाड्यांना सोबत घेऊन सामूहिक दावे दाखल करावेत. गवत आपली मुळे राखते. माणसांनी आपला हक्क राखला पाहिजे.