ज्वारीवर चालणारे वीजघर

गेल्या महिन्यात तालुक्याच्या गावी भरलेल्या कृषिप्रदर्शनात सगळ्यांत जास्त गर्दी ट्रॅक्टरपाशी नव्हती आणि बियाण्यांच्या मांडवातही नव्हती. गर्दी होती एका सायकलीपाशी. मागचे चाक उचलून लोखंडी घोडीवर पक्के केलेले, चाकावरून पट्टा एका जुन्या डी. सी. मोटारीवर, तिथून वायर बॅटरीकडे आणि फळीवर लावलेल्या चार दिव्यांकडे, मधे किती वॅट निघतात ते दाखवणारे मीटर. पॉलिटेक्निकात शिकणारा एक पोरगा पायडल मारत होता, दिवे लागत होते आणि पोरेसोरे टाळ्या पिटत होती. वर कापडी फलक होता: 'वीजबिलापासून मुक्ती'.

बरोबरच्या कार्यकर्त्यांनी आग्रह केला म्हणून आम्हीही चढून बसलो. पहिली दोन मिनिटे मीटर ९० दाखवत होते. पाचव्या मिनिटाला ७०. दहाव्या मिनिटाला काटा पन्नासाखाली घसरला आणि सदरा पाठीला चिकटला. 'सवयीनं जमतं साहेब,' असे पोरगा म्हणाला. ते खरे आहे, पण त्याच्यामागे उभ्या असलेल्या एका आजीबाई पदर तोंडाला लावून जे म्हणाल्या तेही खरे आहे: 'हे तर जातंच परत आलं की गं बाई!'

गोष्ट इथेच संपली असती तर या पानावर तिची दखल घेण्याचे कारण नव्हते. पण संध्याकाळच्या भाषणात एका पाहुण्यांनी सूचना मांडली की, ज्या वाड्यावस्त्यांवर खांब पोचलेले नाहीत किंवा पोचूनही वीज टिकत नाही, तिथे लाइनीचा खर्च करण्याऐवजी घरोघर अशी सायकल द्यावी. व्यायामही होईल, वीजही होईल. टाळ्या पडल्या. आपल्यातल्याही काहींनी वाजवल्या. म्हणून आता हिशेब मांडणे भाग आहे.

कृषी महाविद्यालयात आम्हाला शेतीतल्या शक्तीच्या साधनांचा एक तक्ता पाठ करायला लावत. बैलजोडी एक अश्वशक्ती, माणूस एक दशांश अश्वशक्ती. बाईची त्याहून थोडी कमी लिहिलेली असे. (ती दिवसाचे किती तास राबते याचा रकाना मात्र तक्त्यात नव्हता.) एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. म्हणजे धडधाकट माणूस तासन् तास काम करत राहिला तर ७५ वॅट देतो. जोर लावून थोडा वेळ याच्या दुप्पट-तिप्पटही देईल, पण मग बसेल. या ७५ वॅटपैकी काही साखळीत आणि पट्ट्यात जातात, काही मोटारीत तापून जातात, काही बॅटरी भरताना आणि पुन्हा काढताना जातात, आणि बॅटरीची वीज घरच्या दिव्याला चालावी म्हणून इन्व्हर्टर बसवला तर त्याचा वाटा वेगळा. घरात पोचतात ते फार तर ५० वॅट. एक युनिट म्हणजे एक हजार वॅट एक तास. तेव्हा एका युनिटासाठी वीस तास पायडल मारावे लागेल.

वीस तास! विजेच्या बिलात त्या युनिटाचे सगळे आकार धरून दहा रुपये लावा, तरी तासाला पन्नास पैसे मजुरी पडली. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावर दिवसाची मजुरी ३१२ रुपये होती. आठ तासांचा दिवस धरला तर तासाला ३९. त्या दराने सायकलीवरच्या माणसाला मजुरी द्यायची ठरवली तर एक युनिट ७८० रुपयांना पडेल.

'घरचंच माणूस आहे, त्याला कोण मजुरी देतो?' असे कोणी म्हणेल. ठीक आहे, मजुरी सोडून देऊ. पण खायला तर घालावे लागेल? माणसाच्या अंगात अन्नाची जेवढी शक्ती जाते तिच्यातली पाव-एक भागच पायडलावर उतरते, बाकीची घामात आणि उष्णतेत जाते. वीस तासांच्या या कामाला पाच हजारांवर जादा कॅलरी लागतात. शंभर ग्रॅम ज्वारीत साडेतीनशेच्या आसपास कॅलरी. म्हणजे रोजच्या जेवणाच्या वर दीड किलो ज्वारी. तीस रुपये किलोने पंचेचाळीस रुपये झाले. दहा रुपयांची वीज करायला पंचेचाळीस रुपयांची ज्वारी जाळायची, आणि ती पिकवताना गेलेले पाणी, खत, राखण सगळे वेगळे. फलकावर लिहिलेली मुक्ती ही अशी आहे.

हा दावा आपल्या तालुक्यातच जन्मलेला नाही. २०१५ साली मूळचे लखनौचे आणि अमेरिकेत मोठे उद्योगपती झालेले मनोज भार्गव यांनी अशीच सायकल जगापुढे मांडली. तासभर पायडल मारा आणि खेड्यातल्या घराला चोवीस तास वीज मिळवा, असे त्यांचे सांगणे होते. भारतात हजारो सायकली देण्याची घोषणा झाली. हेतूबद्दल आम्हाला शंका घ्यायची नाही. पण गणित हेतूकडे बघत नाही. कसलेल्या गड्याने तासात शंभर वॅट-तास बॅटरीत भरले असे मानले, तरी ते चोवीस तासांवर पसरले की चार वॅट उरतात. चार वॅटवर देवघरातला दिवा चालतो.

त्याच वर्षी आणखी एक प्रयोग झाला. रॉबर्ट फोर्स्टेमान हा २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमधला पदकविजेता सायकलपटू. मांड्या अशा की सामान्य माणसाची कंबर तेवढी. त्याला ७०० वॅटच्या टोस्टरला जोडलेल्या सायकलीवर बसवले. पावाचा एक तुकडा कसाबसा भाजला गेला आणि गडी जमिनीवर आडवा झाला. आपल्या घरातला साधा मिक्सर एवढीच वीज घेतो. पाच अश्वशक्तीच्या मोटारीचे तर बोलायलाच नको. ती चालू असताना साडेचार हजार वॅटच्या आसपास खेचते. पन्नास वॅट दरडोई धरले तर नव्वद माणसे एकाच वेळी पायडलावर हवीत, तीही पाळी संपेपर्यंत न थांबता. रात्रीच्या पाळीला पाणी द्यायला शेतात एक माणूस साप-विंचवाला भीत उभा असतो तेवढे आम्हाला पुरे आहे.

मग प्रदर्शनात चार दिवे लागले ते खोटे होते का? नाही. ते नऊ-नऊ वॅटचे एलईडी होते. त्यांच्या जागी पूर्वीचा साठ वॅटचा पिवळा दिवा लावला असता तर तो एक दिवासुद्धा आमच्याने धड पेटता राहिला नसता. कर्तबगारी दिव्याची आहे. माणसाचे पाय शंभर वर्षांपूर्वी होते तेवढेच आहेत. हा फरक लक्षात घेतला तर या यंत्राचे खरे मोलही कळते, आणि ते मोल नाकारण्याइतके आम्ही आडमुठे नाही. दोन एलईडी दिवे पाच तास आणि दोन मोबाईल यांची रोजची गरज सव्वाशे वॅट-तासांच्या आत बसते. म्हणजे रोज अडीच तास पायडल. याच्यात एक साधा पंखा रात्रभर घातला की आणखी बारा तास.

थोडी वीज, पण ती नसेल तर जीव जाईल, अशा ठिकाणी पायडलाने मोठे काम केले आहे. ऑस्ट्रेलियाच्या ओसाड मुलखात १९२९ साली आल्फ्रेड ट्रेगर या तंत्रज्ञाने पायडलवर चालणारा बिनतारी संच बसवला. वीस वॅटच्या आसपास वीज लागे. शेजारचे घर जिथे शेकडो मैलांवर, तिथे बाई पायाने पायडल मारत विमानातून येणाऱ्या डॉक्टरला निरोप पाठवू शकली. आपल्याकडे ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि दापोली-मंडणगडच्या गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. मोबाईल बंद पडल्याने मुंबईच्या लेकराला 'आम्ही जिवंत आहोत' एवढे कळवता येईना. तिथे ग्रामपंचायतीत एक पायडल-संच असता तर त्याची पूजा केली असती.

दुसरी गोष्ट अशी की, पायाची ताकद विजेत बदलून पुन्हा विजेची कामात बदलणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. ती थेट कामाला लावली तर निम्मी गळती वाचते. आपला धारवाला हे कोणत्याही प्रदर्शनाशिवाय जाणतो. सायकल स्टँडवर चढवतो, पट्टा दगडी चाकावर घेतो आणि गावाच्या विळ्या-कोयत्यांना धार लावून पुढच्या गावाला जातो. शिलाई यंत्र तसेच. बांगलादेशात १९८० नंतर बांबू आणि लोखंडाचा पायाने चालवायचा पंप पसरला, दहा लाखांवर बसला आणि लहान शेतकऱ्याने त्याच्यावर हिवाळी भाजीपाला काढला. पण तो चालला कारण तिथे पाणी हाताशी आहे. असा पंप सहा-सात मीटरपलीकडचे पाणी ओढू शकत नाही. आमच्या काळ्या खडकातल्या विहिरींनी मार्चमध्येच ती खोली सोडलेली असते.

आता मूळ मुद्दा. घरात सायकल आली तर तिच्यावर रोज अडीच तास बसणार कोण? घरधनी? तो दिवसभर रानात राबून आलेला. पोरगा पहिले चार दिवस हौसेने बसेल. पाचव्या दिवसापासून ती घरातल्या बाईची होईल, किंवा शाळेतून आलेल्या पोरीची. जिला दिव्याखाली अभ्यास करायचा तिनेच आधी दिवा पेटवायचा. आजीबाईंना जाते आठवले ते उगीच नाही. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा पहाटे तीनला उठून दळणारी बाई दोन तास जास्त झोपू लागली. मोटेच्या जागी इंजिन आले तेव्हा बैलांची आणि मोटकऱ्याची मान सुटली. गेल्या शंभर वर्षांत खेड्यात जे काही बरे झाले ते अंगावरचे ओझे यंत्राने उचलले म्हणून. आता यंत्राच्या नावाने तेच ओझे परत अंगावर घालायचे आणि त्याला व्यायाम म्हणायचे! ज्यांच्या अंगाला व्यायाम मिळत नाही त्यांनी तो अवश्य करावा. शहरात त्यासाठी पैसे भरून सायकलीवर बसतात.

इंग्लंडात १८१८ साली विल्यम क्युबिट या इंजिनिअराने तुरुंगांसाठी पायचक्की काढली. कैद्यांनी तिच्या पायऱ्या दिवसभर चढत राहायच्या. १८९८ साली ती अमानुष म्हणून कायद्याने बंद झाली. ब्राझीलमध्ये सांता रीता दो सापुकाई या गावच्या तुरुंगात २०१२ साली कैद्यांना सायकली दिल्या, त्यांच्या विजेवर गावातले दिवे लावले. पण तिथे निदान पायडलाच्या बदल्यात शिक्षेचे दिवस कमी होत होते. आमच्या वाडीवरच्या बाईचे काय कमी होणार आहे?

आम्हाला भीती आहे ती कागदाची. २००४ च्या सरकारी व्याख्येप्रमाणे गावातल्या दहा टक्के घरांत आणि सार्वजनिक जागी वीज आली की गाव विद्युतीकृत ठरे. एप्रिल २०१८ मध्ये देशातली सगळी गावे विद्युतीकृत झाल्याचे जाहीर झाले, आणि अनेक वाड्यांवर लोकांनी ती बातमी कंदिलाच्या उजेडात वाचली. उद्या चार सायकली वाटून एखादी वस्ती यादीतून खोडली गेली तर नवल वाटायला नको. एकदा खोडलेले नाव परत घालायला किती हेलपाटे पडतात हे आपल्याला शिकवावे लागत नाही. शंभर वॅटचे एक सौर पॅनेल आपल्या उन्हात दिवसाला ४०० वॅट-तासांच्या आसपास देते, म्हणजे आठ तासांचे पायडल, आणि त्याला भाकरी लागत नाही. लाइन येईपर्यंत काही द्यायचेच असेल तर ते द्यावे. लाइनीऐवजी मात्र काहीच घ्यायचे नाही, पॅनेलही नाही.

त्या पोराशी आम्ही नंतर चहा घेत बोललो. हुशार आहे, हाताने काम करणारा आहे. इन्व्हर्टर काढून टाक, बारा व्होल्टचे दिवे आणि मोबाईलची पिन थेट जोड, वजन कमी कर आणि पूर आला की डोक्यावर घेऊन जाता येईल असा संच कर, असे त्याला सांगितले. फलक उतरवायलाही सांगितले. तो हसला, फलक त्याचा नव्हता.

शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो, जिल्हा बैठकीला येताना एक काम करा. आपल्या वाडीवर रोज वीज किती वाजता आली आणि किती वाजता गेली याची महिन्याभराची नोंद वहीत मांडून आणा. घरातली वेगळी, मोटारीची वेगळी. ज्या वस्तीवर खांबच नाहीत तिथल्या कुटुंबांची संख्या आणि शेवटच्या खांबापासूनचे अंतर लिहा. नोंद घरातल्या बाईने ठेवली तर जास्त बरे. वीज गेलेली तिला आधी कळते. सायकलवाटपाच्या सूचनेवर आपले म्हणणे काय, ते त्या वह्या समोर ठेवूनच ठरवू.